दुसरा भाग कुठे आहे? गावच्या वाचनालयासाठी मालिका-कादंबऱ्यांची पारख

कापसाची शेवटची वेचणी म्हणजे उलंगवाडी झाली, पऱ्हाटी उपटून झाली की मृग लागेपर्यंत जाड पुस्तकाला हात घालायची सवड मिळते. विदर्भातल्या खेड्यांत विज्ञान-कादंबऱ्या आणि अद्भुत कादंबऱ्यांच्या मालिका वाचनालयातून सुटतात त्या याच दिवसांत. आणि याच दिवसांत टेबलापाशी हमखास प्रश्न येतो: दुसरा भाग कुठे आहे? बहुतेक वेळा तो घेतलेलाच नसतो. घेतलेला असला तर कुणाच्या तरी घरी चार महिन्यांपासून पडलेला असतो.

सरकारी वर्गवारीतल्या सगळ्यात खालच्या, ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला वर्षाकाठी मोजकी पुस्तके घेता येतात. त्यात चौदा भागांची मालिका घेणे म्हणजे वर्षभराची खरेदी एकाच कपाटात कोंबणे. म्हणून मालिका पारखताना मी दोन गोष्टी पाहतो. पहिली, थांबा कुठे आहे. पहिला भाग एकटा वाचला तरी पोट भरते का, की ऐन मारामारीत पान संपते? दुसरी, त्या जगाचा हिशेब जमतो का. जादू असो की यंत्र, त्याची किंमत कुणीतरी मोजली पाहिजे. फुकटात सगळे मिळणाऱ्या जगात तिसऱ्या भागापर्यंत वाचकाचा जीव उरत नाही.

या दोन्ही कसोट्यांवर सगळ्यात वर आहे फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’. आधी १९६३ ते १९६५ या काळात ‘ॲनालॉग’ मासिकात क्रमशः आली, मग १९६५ मध्ये पुस्तक निघाले, तेही मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या चिल्टन या प्रकाशनाकडून. कथा वाळवंटी ग्रहावरची आहे, पण तिचा जीव पाण्याच्या मोजमापात आहे, आणि ते मोजमाप आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. राजवाड्यासमोर खजुराची वीस झाडे आहेत. एका झाडाला दिवसाला चाळीस लिटर पाणी, एका माणसाला आठ लिटर. म्हणजे एक झाड पाच माणसांचे पाणी पिते, आणि वीस झाडे शंभर माणसांचे. येणारे-जाणारे लोक त्या झाडांकडे कोणत्या नजरेने पाहतात, ते लेखकाने दोन-चार वाक्यांत दाखवले आहे. वरुड-मोर्शीकडे बोअर आटल्यावर टँकरने संत्रा जगवणारा कास्तकार या पानावर थांबेल, कारण ही वजाबाकी त्याने उभ्या बागेत केलेली असते.

तिथल्या लोकांचा पाणी राखणारा पोशाख तर एखाद्या मिस्त्रीने समजावून सांगावा तसा सांगितला आहे. घाम आतल्या थरांत गाळला जातो, चालण्याच्या आणि श्वासाच्या हालचालीने पंप होऊन खिशांत साठतो आणि मानेपाशी आलेल्या नळीतून प्यायचा. श्वास तोंडावरच्या गाळणीतून आत घ्यायचा, नाकातल्या नळ्यांतून बाहेर सोडायचा. पोशाख नीट बसलेला असला तर दिवसाला शिंप्याच्या अंगुस्तानात मावेल एवढाच ओलावा वाया जातो. नायक पॉलने घोट्यापाशी तो कुणी न शिकवता बरोबर बांधलेला असतो, आणि तपासायला आलेला पर्यावरणतज्ज्ञ तिथेच चपापतो: लोक ज्याची वाट पाहतात तो तारणहार हाच तर नव्हे? कथेतला एवढा मोठा धागा एका बंदावर टांगणारे लेखक थोडे.

पुढे द्वंद्वयुद्ध होते. नियम असा, की लढताना हा पोशाख काढून ठेवायचा. म्हणजे लढणाऱ्याचा घाम वाया जाणार. तो भरून निघावा म्हणून हरून मेलेल्याच्या देहातले पाणी जिंकणाऱ्याचे. ते मोजून तेहतीस लिटर आणि वर थोडे भरते, आणि तेवढ्या मापाच्या धातूच्या कड्या पॉलच्या हातात दिल्या जातात. क्रूर वाटते, पण नियमाला कारण आहे आणि कारण पाण्यात आहे. अशा जगावर विश्वास बसतो.

अडचणीही सांगायला हव्यात. पहिली शंभर पाने जड जातात. अनोळखी शब्द न सांगता-सवरता येत राहतात, आणि अनेक वाचक तिथेच पुस्तक परत करतात. उपाय सोपा आहे. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची आहे. एक खूण वाचत असलेल्या पानात ठेवावी, दुसरी सूचीत. पण प्रत्येक शब्द शोधत बसू नये. एकच शब्द तिसऱ्यांदा अडला तरच मागे जावे. पर्यावरणावरचे पहिले परिशिष्ट याच पुस्तकातल्या तीन खंडांपैकी दुसरा संपल्यावर वाचावे. ओसाड जमिनीवर आधी कोणते गवत लावायचे, वाळूची टेकडी कशी धरून ठेवायची, किती पिढ्या लागतील, हे सगळे त्यात क्रमाने आहे. पाणलोटाच्या कामावर गेलेल्या माणसाला हे परिशिष्ट कादंबरीइतकेच आवडेल.

हर्बर्टने एकूण सहा भाग लिहिले, शेवटचा १९८५ चा. पुढच्याच वर्षी तो वारला आणि कथा अर्धी राहिली. वाचनालयाने पहिला भाग घ्यावाच, आणि ऐपत असेल तर १९६९ चा दुसरा. दुसरा बारीक आहे आणि पहिल्यात उभा केलेला वीर तो एकेक वीट काढून खाली आणतो. पहिला भाग आवडलेल्या निम्म्या लोकांना त्याचा राग येतो. माझ्या मते तो वाचल्याशिवाय पहिला पूर्ण कळत नाही, कारण तारणहाराच्या मागे आंधळेपणाने जाऊ नका, हेच लेखकाला सांगायचे होते. चौथा भाग साडेतीन हजार वर्षे पुढे उडी मारतो. तो ज्याचा त्याने विकत घ्यावा. नंतर मुलाने दुसऱ्या लेखकाबरोबर लिहिलेले भाग वाचनालयाला लागत नाहीत. २०२१ आणि २०२४ चे दोन चित्रपट मिळून पहिलाच भाग संपतो, म्हणून ‘दोन्ही पिक्चर पाहिले, आता तिसरे पुस्तक द्या’ म्हणणाऱ्याच्या हातात दुसरे द्यावे.

आता कमी पैशात जास्त पोट भरणारी मालिका. अर्सुला के. ल ग्वीन यांची ‘अर्थसी’. पहिले तीन भाग १९६८, १९७१ आणि १९७२ चे, प्रत्येक साधारण दोनशे पानांचा, आणि प्रत्येकाला स्वतःचा शेवट. पहिल्याचा नायक डोंगरातल्या खेड्यात शेळ्या राखणारा पोरगा आहे. मावशीच्या तोंडून ऐकलेला मंत्र तो शेळ्यांवर म्हणून पाहतो. शेळ्या धावत येतात, त्याला चिकटून उभ्या राहतात आणि हटतच नाहीत. मंत्र उतरवायचा कसा, ते त्याला ठाऊक नसते. तो पळतो तर सगळा कळप त्याला मध्ये दाबून धरत गावभर पळतो. जादूची बोलावण्याची बाजू आली आणि सोडवण्याची आली नाही, तर काय होते, ते या एका प्रसंगात आहे, आणि पुढची सगळी कादंबरी त्याचेच मोठे रूप आहे. जादूगारांच्या शाळेत त्याला सांगतात की एका बेटावर पाडलेला पाऊस दुसऱ्या बेटावर दुष्काळ होऊ शकतो. इथे जादू फुकट नाही. इंग्रजी स्वच्छ आहे, वाक्ये लहान, फक्त थोडी जुन्या वळणाची. बारावीचे इंग्रजी पक्के असलेल्याला जमेल. दुसऱ्या भागात नायक बराच उशिरा येतो आणि तोवर एका मुलीचीच गोष्ट चालते, म्हणून काही जण ‘हा वेगळाच भाग दिसतो’ म्हणून परत आणतात. त्यांना एवढेच सांगावे की थांबा, तो येतो.

आयझॅक ॲसिमॉव्हच्या ‘फाउंडेशन’चे इंग्रजी सगळ्यात सोपे. जवळपास सगळे संवादच, वर्णन नावापुरते. पहिली तीन पुस्तके १९५१ ते १९५३ ची, पण बहुतांशी मासिकात आलेल्या कथा जोडून केलेली. पहिल्यात पाच कथा, पुढच्या दोघांत दोन-दोन. त्यामुळे थांबेच थांबे. कल्पना एकच आणि भक्कम: साम्राज्य कोसळणार हे गणिताने आधीच दिसले आहे, मागून तीस हजार वर्षांचा अंधार येणार आहे, तो एक हजारावर आणायचा. हे गणित माणसांच्या प्रचंड समूहाला लागू पडते, एकट्याला नाही, आणि त्या समूहाला भाकीत कळता कामा नये. दुसऱ्या पुस्तकात नेमका एक एकटा माणूस येतो आणि गणित मोडतो. मालिकेचा सगळ्यात जोरदार भाग तोच. उणीवही मोठी आहे. पहिल्या पुस्तकात बाई जवळजवळ नाहीच, आणि आजची वाचक मुलगी हे पहिल्या पन्नास पानांत ओळखते. दुसऱ्यातली बेटा आणि तिसऱ्यातली आर्केडी ही उणीव बरीच भरून काढतात.

इथे क्रमाची चूक फार होते. १९८८ चे ‘प्रील्यूड’ कथाकाळाने आधीचे आहे, म्हणून दुकानदार ते ‘पहिले’ म्हणून देतो. तिथून सुरुवात केली की आधी लिहिलेल्या पुस्तकांत जपून ठेवलेली गुपिते फुटतात. लिहिले गेले त्या क्रमाने वाचा: आधी पन्नासच्या दशकातली तीन, मग १९८२ आणि १९८६ ची, आणि पूर्वकथा सगळ्यात शेवटी. वाचनालयाला तीनच पुरेत.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ला मी मालिका म्हणत नाही. ती तीन जिल्दींत कापलेली एकच कादंबरी आहे, आत सहा खंड. १९५४ आणि १९५५ मध्ये ती तुकड्यांनी निघाली, कारण एवढे जाड पुस्तक एकदम छापणे त्या काळी परवडणारे नव्हते. दुसरी जिल्द नायक शत्रूच्या हाती सापडतो तिथे संपते, आणि त्या वेळच्या वाचकांनी तिसरीसाठी जवळपास वर्षभर वाट पाहिली. आपल्या वाचकाला ती पाळी आणू नये: घ्यायची तर तिन्ही एकदम, नाहीतर एकही नाही. मराठीत ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने अनुवाद आहे. घाबरवणारा भाग सुरुवातीचाच. पहिल्या जिल्दीची पाऊणशे-शंभर पाने वाढदिवस, वंशावळी आणि वाटेतल्या मुक्कामांत जातात. नवख्याने प्रस्तावना सोडून सरळ पहिल्या प्रकरणाला लागावे.

हॅरी पॉटरचे सात भाग १९९७ ते २००७ मध्ये आले. पहिले तीन बारीक आणि सुटे वाचता येणारे. चौथ्यापासून जाडी वाढते, आणि पाचवा पहिल्याच्या तिपटीहून मोठा. पोरे तिसऱ्यापर्यंत धडाधड वाचतात आणि चौथ्याची जाडी पाहून थबकतात. तिथे वाचनालयाने पंधरा दिवसांची मुदत ताणून महिनाभर द्यावी. मराठीत पहिल्या भागाचे नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’ असे आहे. परीस हा शब्द आपल्या माणसाला अभंगांतून ठाऊक असतो, म्हणून नाव चटकन बसते. मूळ इंग्रजी नावातल्या दगडाचा दुसरा गुण, आयुष्य वाढवणारे अमृत देणे, तो मात्र परिसात नाही. पोरांनी विचारले तर तेवढे सांगावे.

अमीश यांची शिवावरची तीन पुस्तके, २०१०, २०११ आणि २०१३ ची, मराठीतही आहेत आणि गावात सगळ्यात जास्त मागणी त्यांनाच असते. पहिले, ‘मेलुहाचे मृत्युंजय’, झरझर जाते. भाषा आजच्या बोलण्यातली, प्रकरणे लहान. ज्याने कधी तीनशे पाने सलग वाचली नाहीत, त्याच्या हाती हे द्यावे. पण थांब्याच्या कसोटीवर ते नापास आहे, कारण पहिला भाग ऐन हल्ल्याच्या क्षणी तुटतो. रामकथेवरच्या त्यांच्या पुढच्या मालिकेत पहिली तीन पुस्तके एकाच काळातली, तीन जणांच्या बाजूने सांगितलेली आहेत. ‘तेच तेच परत आले’ ही तक्रार त्यामुळे येते. तिथे एकेका पुस्तकामध्ये महिना-दोन महिने जाऊ द्यावेत.

लिऊ त्सशिन यांच्या ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ या चिनी त्रयीची खरी ताकद दुसऱ्या पुस्तकात आहे, आणि तिथवर पोहोचण्याआधी पदार्थविज्ञान पचवावे लागते. बी.एस्सी. झालेल्यांनी जरूर घ्यावी. त्यातली परग्रहावरची माणसे वाईट काळ आला की अंगातले पाणी काढून वाळतात, गुंडाळी करून कोठारात पडून राहतात आणि चांगला काळ आला की पाण्यात भिजून उठतात. कोरड्यात पेरलेल्या बियाण्याकडे पाहणाऱ्याला हे चित्र विसरता येणार नाही. चिनी नावात आडनाव आधी येते, एवढे ध्यानात ठेवले की पात्रांचा गोंधळ कमी होतो.

‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ घेऊ नका. १९९६ पासून पाच भाग आले, पाचवा २०११ ला, पुढचा अजून नाही. ‘व्हील ऑफ टाइम’ चौदा भागांची, मूळ लेखक २००७ मध्ये वारला आणि शेवटचे तीन भाग दुसऱ्याने त्याच्या टिपणांवरून पूर्ण केले. पूर्ण आहे, पण आठव्यापासून दहाव्यापर्यंत कथा जागची हलत नाही. ‘ड’ वर्गाच्या कपाटात तिला जागा नाही.

मराठीत अशी लांब मालिका का नाही, हे नेहमी विचारले जाते. आपली विज्ञानकथा मासिकांत आणि दिवाळी अंकांत वाढली, आणि तिथे जागा कथेला मिळते, सहा खंडांना नाही. जयंत नारळीकरांचे ‘यक्षांची देणगी’ किंवा ‘प्रेषित’ ही सुटीच पुस्तके आहेत. पण विज्ञानाचा हिशेब चोख ठेवून गोष्ट कशी सांगायची, हे त्यांच्यासारखे शिकवणारे दुसरे दार नाही. कुणी पहिल्यांदाच या वाटेला येत असेल तर आधी ‘यक्षांची देणगी’, मग ‘फाउंडेशन’.

अनुवादित मालिका घेताना दुकानात उभ्या उभ्या तीन गोष्टी तपासा. पहिली नावे: पहिल्या आणि तिसऱ्या भागातले एकेक पान उघडून तीच नावे तशीच लिहिली आहेत का पाहा. अनुवादक बदलला की नावे बदलतात आणि वाचकाला नवीन पात्र आल्यासारखे वाटते. दुसरी, खास शब्द. इंग्रजीत मोठे अक्षर घातले की साधा शब्दही त्या जगाचा खास शब्द होतो. देवनागरीत मोठे अक्षर नाही. ‘ड्यून’मधला ‘आवाज’ म्हणजे साधा आवाज की हुकूम पाळायला लावणारी विद्या, हे अनुवादकाने अवतरणचिन्हाने किंवा नवा शब्द घडवून दाखवले पाहिजे. नसेल दाखवले तर वीस पानांत अर्थ सांडायला लागतो. तिसरी, अरे-तुरे आणि अहो-जाहो. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. मराठीत ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला सॅम हा माळी आपल्या मालकाशी, फ्रोडोशी, बोलतो तेव्हा सालदार मालकाशी बोलतो तशी अदब हवी, आणि वाट जसजशी बिकट होते तसतशी त्या अदबीतली माया वाढताना दिसली पाहिजे. सॅमच्या तोंडी कोरडे ‘तू’ घातलेले असेल तर अनुवादकाने नाते वाचलेच नाही.

मग प्रत हातात घ्या. फूटपाथवरच्या नकली प्रती स्वस्त पडतात, पण शाई पुसट, ओळी तिरप्या आणि कागद असा की मागचे अक्षर पुढे दिसते. रात्री व्होल्टेज पडले की त्यातले काही वाचता येत नाही. असली प्रतीतही बहुधा सोळा-सोळा पानांचे फर्मे असतात, आणि एखादा फर्मा गळालेला किंवा दोनदा लागलेला निघतो. वाचनालयाचा शिक्का मारण्याआधी पानांचे आकडे सोळा-सोळाच्या टप्प्याने पाहून घ्या. शिक्का पडला की दुकानदार परत घेत नाही. पहिल्या भागाच्या दोन प्रती घ्या, पुढच्यांची एकेक पुरते, कारण पुढे जाणारे वाचक निम्म्यावर येतात. प्रत्येक भागाला वेगळा दाखल क्रमांक द्या आणि पाठीवर ठळक ‘१/३’, ‘२/३’ लिहा.

सहाशे-आठशे पानांची गोंदाने चिकटवलेली प्रत आपल्या मे महिन्यात टिकत नाही. उन्हाने गोंद कडक होतो, पुस्तक उलटे उघडे ठेवले की पाठ तडकते आणि पाने सुटी होतात. सेलोटेप लावू नका. उन्हात तिचा चिकटा पाझरतो आणि शेजारचे पान धरतो. तालुक्याचा बाइंडर अशी प्रत बाजूने भोके पाडून शिवून देतो, पण आठशे पानांत ती शिलाई आतला समास खाते, पुस्तक पुरते उघडत नाही आणि वाचणारा जोर लावून पुन्हा फाडतो. त्यापेक्षा आधीच दोन तुकडे करून वेगवेगळे बांधून घ्यावे, आणि तुकडा कथेच्या सांध्यावर करावा. ‘ड्यून’चा पहिला खंड एका जिल्दीत, दुसरा-तिसरा दुसऱ्या जिल्दीत. शब्दसूची मात्र पहिल्या जिल्दीच्या शेवटी लावायला सांगा, कारण तिची गरज तिथेच लागते. पाठीला कापडी पट्टी, आणि कपाट भिंतीपासून हातभर पुढे, म्हणजे भिंतीतून येणारी उदई कागदावर चढण्याआधी दिसते.